वरून तिसरं बटण

माझं लग्न होऊन बावीस वर्षं झाली. मी जळगावला पिंप्राळ्यात राहते, रेशनकार्ड तिथलं, गॅसचं पुस्तक तिथलं आणि मत मात्र अजून माहेरी. हे नियमाला धरून नाही, मला ठाऊक आहे. दोनदा मी नाव हलवायचा अर्ज आणला आणि दोन्ही वेळा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो घडी घालून स्वतःच्या खिशात टाकला. "पोर दिधी त्यासले, मत नही दिधं," असं ते माझ्या नवऱ्यासमोर म्हणाले. नवरा हसला. त्याला वाटलं सासरे गंमत करताहेत. आबा गंमत करत नव्हते. त्यांच्या बूथवरचं एक मत कमी होणं म्हणजे त्यांच्या लेखी घरातलं भांडं चोरीला जाणं होतं.

त्यामुळे दर निवडणुकीला मी रिक्षानं स्टेशनवर जाते, पॅसेंजरनं अमळनेर गाठते आणि तिथून एस.टी. धरते. आमचं गाव धड खेडं नाही आणि धड शहरही नाही. नगरपंचायत झाली, एक कापसाची जिनिंग आहे, दोन बँका आहेत, मंगळवारचा बाजार आहे, धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आता चार-पाच हॉटेलं शेवभाजीच्या पाट्या लावून बसलेली आहेत. तरी घरातून बाजारपेठेत निघालेला माणूस अजून "गावात जाऊन येतो" असंच सांगतो.

आबा पेंटर. एकेकाळी बाजारपेठेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. ट्रॉल्यांवरचे नंबर, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, देवळाच्या पायऱ्यांवरची देणगीदारांची नावं, सगळं त्यांनी रंगवलं. पुढे फ्लेक्स आले आणि धंदा बसला. पण निवडणूक आली की आबांचा ब्रश निघायचा. ते एकाच पक्षाची निशाणी काढत. दुसऱ्या पक्षानं कितीही मजुरी देऊ केली तरी "हात बसत नाही" म्हणून परत पाठवत. ती निशाणी कोणती हे मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर निम्मे वाचक इथंच मला ओळखून मोकळे होतील आणि उरलेले वाचणं सोडून देतील. पुढच्या गोष्टीला त्याची गरजही नाही.

ती निशाणी आमच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर होती, पुरुषभर उंचीची, ऑइल पेंटमध्ये. दर पाच वर्षांनी तिच्यावर नवा हात फिरायचा. आबा ती डोळे मिटून काढू शकत. लहानपणी मी त्यांना तसं करायला लावायची आणि ते खरंच करून दाखवायचे.

दुसरी त्यांची वस्तू म्हणजे मतदार यादी. आमच्या भागाचं बूथ जिल्हा परिषदेच्या शाळेत, खोली क्रमांक दोन. त्या बूथची यादी आबांजवळ पिवळ्या दोऱ्यानं बांधलेली असे आणि प्रत्येक नावापुढं पेन्सिलीची खूण असे. आपला असेल तर बरोबरची खूण, त्यांचा असेल तर फुली आणि भरवसा नसेल तर गोल. यादी पेनानं का करत नाही, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, माणसाचा काय नेम, उद्या फिरला तर खोडता आलं पाहिजे. माणसांसाठी पेन्सिल आणि निशाणीसाठी ऑइल पेंट, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

कोणाचा कल कुठे आणि का, हे आबांना तोंडपाठ होतं. बाहेरून येणारे पत्रकार जात, धर्म, कापसाचा भाव, असं काय काय विचारत. ते सगळं असतंच. पण आबांच्या यादीत त्याखाली आणखी एक थर होता. एका घराचा कल गटारीवरून फिरला होता, कारण गटारीवर फरशीचा ढापा टाकताना तो त्यांच्या दारासमोर न टाकता शेजाऱ्याच्या दारासमोर टाकला. एक घर फक्त थोरल्या भावाच्या विरुद्ध मत द्यायचं, थोरला जिकडे जाईल त्याच्या उलट. म्हणजे थोरल्याचं कळलं की धाकट्याचं आपोआप कळे. भिलाटीतली, म्हणजे भिल्लवस्तीतली, मतं मुकादमाच्या मागं जातात असं सगळे समजत, आबा म्हणत की ती मुकादमाच्या बायकोच्या मागं जातात. पिंजाऱ्यांच्या गल्लीत ते मतं मागायला कधी एकटे गेले नाहीत, त्यांचे दोस्त, पिठाच्या गिरणीवाले नाना, यांना घेऊन जात, कारण तिथल्या गाद्यांचा कापूस नानांच्या ओळखीनं जिनिंगमधून येई. आणि प्रत्येक घरात पुरुषाच्या नावापुढं जी खूण, तीच खाली बाईच्या नावापुढं. हे काम आबा पट्टी लावून रेघ ओढावी तसं करत. आमच्या घराची तीन नावं होती, आबा, माय आणि मी. तिन्हींपुढं बरोबरची खूण. मायला त्यांनी कधी विचारलं नाही. मलाही नाही. याचा मला राग यायचा आणि तो राग मी दर वेळी एस.टी.तून आणून दर वेळी तसाच परत न्यायची.

गल्लीतल्या बायकांना मतदान शिकवणं हेही आबांचंच काम. पूर्वी कागदावर शिक्का होता, मग मशीन आलं. मशीन आल्यावर आबांनी पुठ्ठ्याचं एक मशीन तयार केलं, त्यावर उमेदवारांच्या ओळी, रंगवलेल्या निशाण्या, प्रत्येकीसमोर निळं बटण. ते मांडीवर घेऊन ते ओट्याओट्यावर बसत. त्यांचा धडा दोन वाक्यांचा होता. "माणूस देखू नका, निशाणी देखा. माणूस आज शे, उद्या नही. निशाणी जागावर ऱ्हास." आणि दुसरं, "आत गयात का इचार करानाच नही. वरथून तिसरं बटन. निशाणी दिसनी का बोट ठेवानं." योगायोग असा की आमच्याकडे ती निशाणी बहुतेक वेळा वरून तिसरीच यायची. कधी दुसरी आली तर आबा आदल्या दिवशी घरोघरी जाऊन सांगून येत.

समोरच्या घरातली आक्का ही त्यांची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. वय ऐंशीच्या पुढं, डोळ्याला कमी दिसतं, पण मत कधी चुकवलं नाही. ती बटण दाबून बाहेर आली की आबांना लांबून तीन बोटं दाखवायची. म्हणजे तिसरं दाबलं. आबा मान डोलवायचे.

आबांसोबत टेबलावर बसायचे ते नाना. पिठाची गिरणी त्यांची. शाळेच्या फाटकापासून ठरलेल्या अंतरावर कडुनिंबाखाली एक लाकडी टेबल, दोन खुर्च्या, आबांजवळ यादी, नानांजवळ चिठ्ठ्या. मी शाळेत जात होते तेव्हापासून हे असंच पाहिलेलं. टेबल आमच्या घरचं, खुर्च्या गिरणीतल्या.

मग पक्ष फुटला.

तो कसा फुटला, कोण कुठल्या हॉटेलात राहिलं, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आमच्या गल्लीत त्याचा अर्थ एवढाच होता की आमचे साहेब, म्हणजे आमच्या भागाचे जुने आमदार, एका बाजूला राहिले आणि निशाणी दुसऱ्या बाजूला गेली. साहेबांना नवी निशाणी मिळाली, जी गल्लीत कोणी कधी पाहिली नव्हती.

मला वाटलं होतं आबा निशाणीसोबत जातील. आयुष्यभर तेच शिकवत होते. पण साहेब पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा आबांच्या सायकलवर मागं बसून गावभर फिरले होते, आणि तो दिवस आबांच्या डोक्यातून कधी गेलाच नव्हता. आबा साहेबांसोबत राहिले. त्या दिवशी मला प्रथमच कळलं की लोकांना निशाणी पाहायला लावणारा माझा बाप स्वतः इतकी वर्षं माणूसच पाहत होता.

नाना गेले नाहीत. गिरणीच्या दारात उभे राहून ते आबांना शांतपणे म्हणाले, "मी कोठे गयू नही. मी जठे व्हतू तठेच शे. निशाणी जठे, मी तठे."  ते वाक्य आबांचंच होतं.

विधानसभा लागली तेव्हा साहेब आमच्याकडे चहाला आले. त्यांचंही वय झालेलं, ओट्याच्या पायऱ्या चढताना हात धरावा लागला. जाताना त्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, आपल्या बूथचं कसं काय. आबा म्हणाले, "साहेब, या बूथची काळजी करू नका. इथं आपण मागं पडलो तर मी पुन्हा टेबल लावणार नाही." खोलीत पंधरा माणसं होती. एवढ्या लोकांसमोर तोंडातून गेलेला शब्द आमच्या गावात मागं घेता येत नाही. माय चुलीपाशी कप विसळत होती, तिनं मान वर करून आबांकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

मी पंधरा दिवसांची रजा टाकून त्या चहाच्या आदल्याच दिवशी आले होते, आचारसंहिता ऐन भरात होती. भिंतींवरच्या निशाण्या झाकायला नगरपंचायतीची माणसं चुन्याच्या बादल्या घेऊन फिरत होती. पूर्वी आबा त्यांच्याशी भांडत, भिंत माझी, रंग माझा, तुम्ही कोण. या खेपेला त्यांनी स्वतः शिडी आणून दिली आणि खाली धरून उभे राहिले. दोन हात चुना बसला. आबा आत येऊन म्हणाले, झालं एकदाचं. पण ऑइल पेंटवर चुना कुठं टिकतो. वाळल्यावर त्याचे पापुद्रे सुटले आणि तिसऱ्या दिवशी निशाणी पुन्हा दिसायला लागली, थोडी फिकट, पण ओळखू येण्याजोगी. आबा लोखंडी पत्रीनं भिंत खरवडत बसले. जाणारे-येणारे विचारत, काय आबा, प्रचार चालू का. ते पत्री आणखी जोरात ओढत.

मग पुठ्ठ्याचं नवं मशीन. नवी निशाणी होती खाली, वरून नववी; जुनी याही खेपेला वरून तिसरीच. आबांना ती नीट काढताच येत नव्हती. पाट्या रंगवण्यात आयुष्य गेलेला माणूस, त्यानं तीन पुठ्ठे वाया घालवले. शेवटी मी पॅम्प्लेटमधली कापून चिकटवून दिली.

कापूस वेचणीचे दिवस होते, बायका दिवसभर शेतात असत. त्यामुळे आबा संध्याकाळी ओट्यांवर जात आणि मी त्यांच्यासोबत. धडा आता उलटा होता. "यंदा निशाणी देखू नका, माणूस देखा. साहेबना फोटो शे, त्यानासमोर नववं बटन." बायका ऐकून घेत. मान डोलवत. मग आबा म्हणत, दाबून दाखवा, आणि बोट सरळ तिसऱ्यावर जायचं.

आक्काचं तर सहा वेळा गेलं. सातव्या वेळी ती वैतागून म्हणाली, "आबा, इतला साल सांगं निशाणी देखा, आते सांगतस माणूस देखा. एक काय ते ठरवा ना."

"आक्का, फोटो देखा. साहेबले तुम्ही वळखतस ना?"

"साहेबले वळखस. पन इतल्याशा फोटोमा बठ्ठा सारखाच दिसतस."

आबा चिडले. मी त्यांना एवढं चिडलेलं क्वचित पाहिलंय. पुठ्ठा काखेत मारून उठले आणि तडक चालू लागले. घरी आल्यावर त्यांनी तो मायसमोर ठेवला. "तू दाब." मायनं हात पदराला पुसले, वरपासून खालपर्यंत एकेक ओळ पाहिली आणि नववं बटण दाबलं. आबांनी पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा नववं. माय चौथीपर्यंत शिकलेली, पण काही वाचायचं तर ती शेवटपर्यंत वाचते, डाळीच्या पुडीचा कागदसुद्धा. "देखं," आबा मला म्हणाले, "घरनं तरी बरोबर शे."

मतदानाच्या दिवशी कडुनिंबाखाली दोन टेबलं होती. एक आमचं, जुनं लाकडी. दुसरं नानांचं, मंडपवाल्याकडचं प्लॅस्टिकचं. खुर्च्या गिरणीतल्या, त्यामुळे त्या नानांकडे गेल्या होत्या, पण सकाळी आबा पोचायच्या आधीच एक खुर्ची आमच्या टेबलामागं आणून ठेवलेली होती. 

बूथवर पहिलं मत नेहमी आबांचं. सातला दार उघडलं की ते आत जाणार, बाहेर येऊन शाईचं बोट वर करणार आणि नानांना म्हणणार, "खातं उघडनं." मी मुद्दाम लवकर गेले होते ते पाहायला, आता ते वाक्य कोणाला म्हणतात म्हणून. आबा बाहेर आले. बोट वर केलं नाही. काही बोलले नाहीत. सरळ टेबलाशी येऊन बसले, आधीच सरळ असलेली यादी आणखी सरळ केली, पेन्सिलीला टोक काढलं आणि स्वतःच्या नावापुढं, मतदान झालं म्हणून, खुणेभोवती रेघ मारली. मी चहा पुढं केला तर नको म्हणाले. मला वाटलं, शेजारच्या टेबलावर नाना बसलेत, त्याचं दुःख आहे. मलाच भरून आलं. चाळीस वर्षांची जोडी अशी दोन टेबलांवर बसलेली बघून कोणालाही वाटलं असतं.

दहाच्या सुमारास माय आणि मी गेलो. रांगेत ती माझ्यापुढं. तिला आत वेळ लागला, मशीनचा लांब आवाज बराच उशिरा आला. मागच्या बाया कुरकुरल्या. माझं मत मी दिलं. कोणाला दिलं ते सांगणार नाही, आबांनी कधी विचारलं नाही तर वाचकांनी तरी का विचारावं. आक्का काठी टेकत बाहेर आली आणि तिनं आमच्या टेबलाकडं बघून हात वर केला, पण मधे रिक्षा आल्यामुळे बोटं किती ते दिसलं नाही.

संध्याकाळी आबांनी यादीची बेरीज केली. झालेली मतं, त्यातली आपली, त्यातली त्यांची, गोलांची निम्मी इकडं निम्मी तिकडं. त्यांचा असा अंदाज सहसा पाच-दहा मतांपलीकडे चुकत नसे. "शंभरावर पुढं शे आपण," ते म्हणाले. पण नेहमी हा आकडा ते ओट्यावर उभं राहून मोठ्यानं सांगायचे, त्या दिवशी घरात बसून हळू सांगितला.

मतमोजणी तीन दिवसांनी तालुक्याला होती. आमच्या गावात पूर्ण मतदारसंघाचा निकाल लोक नंतर विचारतात, आधी विचारतात बूथचा. मशीन टेबलावर उघडलं की तिथला प्रतिनिधी आकडे लिहून घेतो आणि फोन करतो. मत गुप्त असतं म्हणतात, पण ते खोली क्रमांक दोनच्या आतपर्यंत. बाहेर आल्यावर सगळ्या गल्लीचं मिळून एक माप होतं आणि दुपारपर्यंत ते सर्वांना कळतं.

साडेअकराला फोन आला. आबांनी कागदावर दोन आकडे लिहिले आणि पाहत राहिले. मी मागून वाकून पाहिलं. शंभराचा फरक होता, पण उलटा. आमच्या बूथवर जुनी निशाणी पुढं होती. साहेब मागं. दुपारपर्यंत साहेब पूर्ण मतदारसंघात मोठ्या फरकानं पडले. म्हणजे आमचं बूथ पुढं राहिलं असतं तरी काही फरक पडला नसता. मी तसं बोलून दाखवलं. आबांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. साहेबांचं साहेब बघतील. आबांनी शब्द दिला होता तो बूथचा.

मिरवणूक आमच्या गल्लीतून निघाली. नाना पुढं होते, कपाळाला गुलाल. आमच्या दारासमोर आल्यावर त्यांनी हात वर करून ताशा थांबवला आणि सगळे मुकाट पुढं गेले, वळणावर गेल्यावर ताशा पुन्हा सुरू झाला. या गोष्टीसाठी मी नानांना कधी विसरणार नाही.

आणि मग आक्का आली.

काठी टेकत, डाव्या हातात वाटी. वाटीत साखर. ती ओट्यावर चढली, आबांसमोर उभी राहिली आणि तिचं सगळं तोंड हसत होतं. "आबा, तोंड उघडा. आपली निशाणी ऊनी ना."

आबा वाटीकडं बघत राहिले. तिला वाटलं ऐकू आलं नाही. तिनं मोठ्यानं सांगितलं, "मी तुम्हीन सांगं तठेच दाबं. वरथून तिसरं. लाल लाईट बी लागना." तिच्या मागून गल्लीतल्या आणखी दोघी आल्या. त्याही खुश. भिंतीवर इतकी वर्षं जी निशाणी होती ती जिंकली, म्हणजे आबा जिंकले, यात त्यांना शंका नव्हती. त्या पेंटरचं अभिनंदन करायला आल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, तुम्ही मधेच काहीतरी वेगळं शिकवलं, पण आम्ही विसरलो नाही बरं.

मला रडू आणि हसू एकदम आलं. मी आबांकडं पाहिलं. मला भीती वाटली की ते आता चिडतील, त्या म्हातारीला काहीतरी बोलतील आणि तिला कळेलही नाही तिचं काय चुकलं. आबांनी तोंड उघडलं. आक्कानं चिमूटभर साखर त्यांच्या जिभेवर ठेवली. ते म्हणाले, "बरं केलं आक्का." ती समाधानानं घरी गेली.

त्यानंतर आबांनी यादी काढली. पिवळा दोरा सोडला, चष्मा लावला, खोडरबर घेतला आणि पहिल्या घरापासून सुरुवात केली. आता त्यांना खरं मांडायचं होतं. आक्काच्या नावापुढची खूण पुसून फुली केली. त्या दोघींच्या नावापुढंही. मग ज्यांचं नक्की नव्हतं तिथं गोल. एकेक नाव घेऊन ते खाली येत होते, मी समोर बसले होते, माय दारात तूर निवडत होती. हळूहळू आमच्या घराचा क्रमांक आला. तीन नावं, तीन खुणा.

माझ्या नावापाशी ते थांबले, माझ्याकडं पाहिलं आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी गोल काढला. मला बरं वाटलं, खरं सांगते. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या यादीत माझी स्वतःची होते. मग ते मायच्या नावावर आले. पेन्सिल तिथं अडली. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झालेल्या बाईला त्यांनी तो प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा विचारला.

"तू कोठे दाबं?"

मायनं सूप खाली ठेवलं नाही. "नववं," ती म्हणाली. "तुम्ही पंधरा मानसंसमोर शब्द दिधा व्हता. मंग मी बठ्ठ्या वळी वाची आनि नववं दाबं. चिठ्ठी बी देखी काचमा. साहेबनीच व्हती."

आबांनी मान हलवली. मायच्या नावापुढची खूण तशीच ठेवली. त्यांनी यादीचं पान उलटायला घेतलं, तेव्हा माय सुपावरून नजर न उचलता म्हणाली, "आनि तुम्हीन?"

हे आबांना कोणी कधी विचारलं नव्हतं. पक्षानं नाही, साहेबांनी नाही, नानांनी नाही. मी आधी हसणार होते, आबांना काय विचारतेस म्हणून. मग मला त्यांचा चेहरा दिसला, आणि मतदानाच्या दिवशीची सकाळी सातची गोष्ट आठवली. वर न केलेलं बोट. न घेतलेला चहा. सरळ असलेली यादी सरळ करणारे हात. ती निशाणी डोळे मिटून काढणारे हात. आत गेलं की विचार करायचा नाही, निशाणी दिसली की बोट ठेवायचं. मशीनशेजारच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, म्हणजे सात सेकंद आबांनी ती पाहिली असणार आणि काही करता येत नव्हतं.

 आबांनी पान पुन्हा अलीकडं घेतलं, खोडरबर उचलला आणि स्वतःच्या नावापुढची खूण पुसली. भोवतीची रेघही पुसली. कागद तिथं जुना होता, फाटेल असं वाटलं, म्हणून शेवटी ते बोटानं हलकेच पुसत राहिले.